पेटीची आंघोळ

आमच्या गोडदेवच्या घरात बसायला चांगली जागा एकच होती आणि तिच्यावर पेटी बसलेली असे. दारातून आत आलं की उजव्या हाताला भिंतीलगत लाकडी पाट, पाटावर दुहेरी घडीची गोधडी, गोधडीवर पेटी आणि पेटीवर आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा. आम्ही माणसं खाली सारवलेल्या जमिनीवर. पावसाळ्यात कौलं गळायला लागली की आधी पेटी हलायची, मग तांदळाचं पिंप, मग आम्ही. पेटी आमची नव्हती, गावच्या भजनी मंडळाची होती. गावात रीत अशी की मंडळाचा जो बुवा, पेटी त्याच्या घरी. आणि उलटही तितकंच खरं होतं. पेटी ज्याच्या घरी, बुवा तोच. आमचा बाबा बुवा होता.

बाबाचं पोटाचं काम मिठागरावर. भरतीला खाडीचं पाणी मिठागरात घ्यायचं आणि ओहोटी लागायच्या आत दार लावून ते कोंडायचं, ते दार उघडणारा-लावणारा माणूस म्हणजे बाबा. तिथी सांगा, तो बोटांच्या पेरांवर मोजून पाण्याची वेळ सांगे, आणि त्या वेळेला पाणी येई. पण पाणी ओळखतो म्हणून जगात कोणी कोणाला नमस्कार करत नाही. पेटी वाजवतो म्हणून करतात. ज्या मुकादमासमोर बाबा दिवसभर मान खाली घालून उभा राही, तोच मुकादम गुरुवारी संध्याकाळी आमच्या ओट्याखाली चपला काढून 'बुवा, येऊ ना?' असं विचारी. त्या दिवशी बाबा आईशीसुद्धा हळू बोलायचा.

मला पेटी घरात हवी होती ती दोन कारणांसाठी. भजनाला माणसं आली की चहा व्हायचा आणि माणसांच्या चहाला साखर असायची. एरवी आमच्याकडे गूळ. दुसरं कारण मी कोणाला सांगितलं नव्हतं. चौथी झाल्यावर माझी शाळा सुटली. सुटली म्हणजे मीच सुटले, शाळा आपली होती तिथेच राहिली. आई-बाबा दोघं मिठागरावर गेली की दुपारी घरात मी आणि नामीआत्या. आत्या बाबाची थोरली बहीण, नवरा गेल्यावर आमच्याकडे आलेली. ती घोरायला लागली की मी पेटीवरचं लुगडं काढायची, एका हाताने भाता हलवायची आणि दुसऱ्या हाताने पट्ट्या चाचपायची. मला एकच चाल येत होती आणि तीही अर्धी. संगीताचं वेड वगैरे कोणी म्हणू नये. दुपार मोठी असे आणि दुसरं करायला काही नव्हतं. पण ती अर्धी चाल मला कोणी शिकवलेली नव्हती, म्हणून ती माझी होती. आत्या घोरायचं सोंग घेत असे, हे मला ती मेल्यावर आईने सांगितलं.

पेटीवर डोळा होता पांडूकाकाचा. पांडूकाका माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, घरात मासा शिजत नाही, आणि आमच्या आगऱ्यांच्या गावात घरात मासा न शिजणं म्हणजे काय ते ज्याने आमचं गाव पाहिलं त्यालाच कळेल. त्याचा आवाज बाबापेक्षा बरा होता. हे मी आज सांगते. तेव्हा सांगितलं असतं तर जेवण मिळालं नसतं. त्या वर्षी थंडीत आमच्याकडे एका उंदराने पेटीचा भाता कुरतडला आणि पांडूकाकाला हवं होतं ते मिळालं. मंडळाचे म्होरके पाटीलकाका. त्यांनी सगळ्यांना बसवून निवाडा दिला, की या वेळी सोडतो, पण बुवा, पेटीला पुन्हा काही झालं तर ती पांडूच्या घरी जाईल. पांडूकाका म्हणाला, "मना काय घाई न्हाय." आणि जाताना पेटी ठेवायला आपल्या घरात जागा कुठे केली आहे ते पाटीलकाकांना दाखवायला घेऊन गेला.

उन्हाळ्यात चैत्राच्या पुनवेला चौकला देवीची जत्रा भरे. दोन दिवस सगळीकडच्या गावांची भजनं, एका गावाची बारी संपली की दुसऱ्या गावाची. माणसं बैलगाडीत संसार घालून येत आणि समुद्राकाठी माडांखाली चुली मांडून राहत. माझा नातू मागच्या वर्षी असाच कुठेतरी गाणी ऐकायला गेला, दोन दिवस तंबूत झोपला, डास चावून तोंड सुजवून आला आणि मला फोटो दाखवत म्हणाला, "आजी, तुला नाही कळणार, ॲटमॉस्फियर काय होतं." मी म्हटलं, बरं. आमच्या गाडीत तांदळाची गोणी, जातं सोडून घरातलं सगळं, पाण्याचे दोन माठ, सुक्या लाकडांचा भारा, देवीला मानलेली जिवंत कोंबडी, मृदुंग, आत्या, आणि मधोमध गोधड्यांत गुंडाळलेली पेटी असायची. आत्याला धक्का लागला तर चालत असे. मला त्या वर्षी पहिल्यांदा चपला घेतल्या होत्या. मी त्या पायात न घालता मांडीवर धरून बसले होते, कारण त्या झिजल्या असत्या.

पहाटे निघालो, रेल्वेचं फाटक ओलांडलं, राई-मुर्धा ही गावं मागे टाकत उन्हं वर येईपर्यंत चौकला पोचलो. माडांखाली गोडदेवच्या गाड्या सोडलेल्याच होत्या आणि दरवर्षी आम्ही त्यांच्यातच उतरायचो. पण त्या वर्षी आमच्या नेहमीच्या माडाखाली पांडूकाकाची चूल आधीच पेटली होती. तिच्यावर कांदासुद्धा न घातलेली डाळ शिजत होती आणि पांडूकाका बाबाला म्हणाला, "या बुवा, या. पेटी हितं ठेवा, मी नजर ठेवतो." बाबाने बैलांना पुढे हाकललं. उंदराच्या निवाड्यानंतर त्या माणसाच्या शेजारी जेवण गिळलं नसतं त्याला. तो गाडी थेट खाली वाळूत घेऊन गेला. तिथे एक मोठी होडी कलती उभी होती, तिची सावली चांगली चार माणसं झोपतील एवढी पडलेली, आणि आजूबाजूला चिटपाखरू नाही. एवढ्या गर्दीत एवढी चांगली जागा रिकामी कशी, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. होडी कोरड्या वाळूत उभी होती आणि तरी जाड दोराने खुंटाला बांधलेली होती. आत्याने त्या दोरावर आमची पहाटे धुतलेली ओली धोतरं-लुगडी वाळत घातली.

बाबाने सामान उतरवलं, गाडी वर माडांकडे नेली आणि बैल तिथेच बांधले. आईने तीन दगडांची चूल मांडली. भात चढला, जवळ्याचं कालवण चढलं. तेवढ्यात वरच्या अंगाला बोंबील वाळत घातले होते तिथून एक कोळीण कमरेवर हात ठेवून खाली आली. नाव रोझीमाय. अंगाने दणकट, गळ्यात क्रूस, तोंडात मिशरी. तिने आमच्याकडे आणि चुलीकडे पाहिलं आणि म्हणाली, "गोडदेवचे का तुमी? हितं नका बसू बाबा. पानी येतं हितपरत. आज पुनव हाय."

कोणी दुसरं काही बोललं असतं तर बाबाने ऐकलं असतं. पण पाणी हा त्याचा विषय. तो पेटीच्या गोधड्या सोडत होता, त्याने मानही वर केली नाही. "माय, मी पंचवीस वर्सं पान्याचंच खातो. पुनवेचं पानी दीड वाजल्याबिगर भरत न्हाय. तवर आमचं जेवून, निजून, भांडी घासून होल."

"दीड?" रोझीमाय म्हणाली. "कनच्या गावचा दीड?"

"पुनवेचा दीड."

"मंग बसा," ती म्हणाली आणि पुन्हा वर गेली. जाताना तिने आमच्या वाळत घातलेल्या लुगड्यांकडे बघून मिशरी थुंकली.

आता यातली गंमत अशी, की दोघंही खरं बोलत होती. समुद्राचं पाणी आधी किनाऱ्याला लागतं. मग ते खाडीत शिरतं, वळसे घेत, गाळातून सरपटत, आमच्या गोडदेवच्या दाराशी पोचायला त्याला तास-सव्वातास लागतो. बाबाला पाणी पाठ होतं ते आमच्या दाराशी आल्यानंतरचं. ते निघतं कुठून आणि केव्हा, याच्याशी त्याचा कधी संबंधच आला नव्हता. नातवाने हल्लीच मला मोबाइलवर दोन्हीकडच्या भरतीच्या वेळा काढून दाखवल्या. एवढं छोटं कारण होतं. बाबा मात्र मरेपर्यंत सांगत राहिला की त्या दिवशी समुद्र लवकर आला.

बारा वाजायच्या सुमारास बाबा पोटभर जेवला. आमच्या बारीची वेळ दिवेलागणीच्या आधीची होती, म्हणून तो होडीच्या सावलीत आडवा झाला आणि झोपताना मला म्हणाला, "पेटीजवल बस. उठू नको." मी बसले. आई आणि आत्या जेवायला बसायच्या होत्या. चूल आमच्या खालच्या अंगाला होती. एकाएकी चूल फुस्स झाली. आईला वाटलं कालवण उतू गेलं, म्हणून तिने झाकण काढून पाहिलं. तोवर दुसरी लाट आली आणि कालवणाचं भांडं चुलीवरून उठून आईच्या समोरून चालायला लागलं.

घर बुडायला लागलं की माणूस काय वाचवतो ते मी त्या दिवशी पाहिलं. आईने भाताचं पातेलं डोक्यावर घेतलं. आत्याने कोंबडी काखेत मारली आणि लुगड्याचा काचा मारून ती वर पळत सुटली, मागे वळून बघायचं नाव नाही. बाबा झोपेतून उठला तो मृदुंग घेऊनच, कारण मृदुंग त्याच्या उशाला होता आणि झोपेत माणसाला वाटतं आपण उशाशी ठेवली ती पेटीच. आणि मी, जिला पेटीजवळ बसायला सांगितलं होतं आणि जी बसलेलीच होती, मी चपला उचलल्या. एक एका हातात, एक दुसऱ्या हातात. मग पेटी उचलायला हात राहिला नाही. खोटं कशाला सांगू.

वर माडांखाली उभं राहून आम्ही मागे पाहिलं तेव्हा पेटी तरंगत होती. मला वाटलं होतं ती दगडासारखी बुडेल. पण सागवानी लाकूड आणि आत हवा, ती छान डुलत निघाली, एका लाटेवर चढून दुसरीवर उतरत. होडी आपली दोराला बांधलेली असल्यामुळे जागच्या जागी उचलली गेली, आमच्या लुगड्यांसकट. चौदा गावांची माणसं माडांखालून बघत होती. पांडूकाका हातातलं डाळीचं ताट न ठेवता पुढे आला आणि म्हणाला, "बुवा, पेटी चालली वसईला."

लोक हसले. बाबा हसला नाही. तो मृदुंग छातीशी धरून उभा होता आणि त्याचे ओठ हलत होते. मला वाटलं देवीचं नाव घेतोय. जवळ गेले तर तो पेरांवर पाण्याची वेळ पुन्हा मोजत होता.

पेटी काढली रोझीमायच्या नवऱ्याने. तो पोहत गेला, एका हाताने ती ढकलत आणली आणि वाळूवर ठेवली. भात्यातून पाणी आणि दोन बारीक कोळंब्या बाहेर आल्या. पाटीलकाका पेटीभोवती फिरले. त्यांनी एक पट्टी दाबली. पेटीतून आवाज आला तो नाक शिंकरल्यासारखा. ते म्हणाले, "आधी उंदीर, आता समुद्र. बुवा, उद्या संध्याकाली पेटी पांडूकडं. आज बारी कशी लावायची ती तू बघ. गावाची लाज राख, एवढंच." पांडूकाका जमिनीकडे बघत होता. त्याला हसू आवरत नव्हतं आणि माळ घालणाऱ्याला एवढ्यात हसणं शोभत नाही, हेही त्याला कळत होतं.

बाबा वाळूत बसला तो बसलाच. मग आई पुढे झाली. आईने पेटीला आयुष्यात हात लावला नव्हता, बायांनी लावायची पद्धत नव्हती, माझं दुपारचं वाजवणं सोडलं तर. पण ती बाबाला म्हणाली, "खोल."

"काय खोलू? मेली ती."

"मीठ गेलंय आत. मीठ लोखंड खातं, पितल खातं. रोज सांजचं फावडं गोड्या पान्यानं धुतो का न्हाय आपन? खोल. धुवून काढू."

"पेटी धुतात का कुठं?"

"पेटी समुद्रात घालतात का कुठं?" आई म्हणाली.

बाबाने मुकाट कमरेचा चाकू काढला आणि पेटीचे खिळे सैल केले. आमच्यासारख्या मिठातल्या माणसांना हेच सुचणार. दुसरा कोणी असता तर पेटी पुसून, गुंडाळून, शहरातल्या दुरुस्तीवाल्याकडे घेऊन गेला असता. आम्हाला खारं पाणी लागलेल्या वस्तूचं एकच औषध माहीत, गोडं पाणी. पण चौकला उन्हाळ्यात गोडं पाणी कुठून आणणार? आमचे माठ तर समुद्राने भरून दिले होते. आई रोझीमायच्या दारात गेली.

"तीन हंडे?" रोझीमाय म्हणाली. "आमाला प्याला न्हाय पानी, नि तुमी पेटीला न्हाऊ घालताव?" मग तिने बाबाकडे पाहिलं. तो सुटी झालेली पेटी मांडीवर घेऊन बसला होता. "दीड वाजला का रं बाबा?" तिने विचारलं. बाबा भात्यातली वाळू झटकत राहिला. तिने हंडे दिले. आणि वर म्हणाली, "साबन लावू नका म्हंजे झालं."

अशी आम्ही भर दुपारी, चौदा गावांसमोर, पेटीला आंघोळ घातली. आई पाणी ओतायची, मी पट्ट्या चोळायची, आत्या कोंबडी काखेत घेऊनच सांगायची, "कानामागं पन घे." पितळी सुरांची फळी बाबाने स्वतः धुतली. तान्ह्या पोराचं डोकं धरावं तशी हाताच्या पंजावर तोलून. मग प्रश्न आला वाळवायचं कुठे. वाळूत ठेवलं तर वाळू शिरेल. जमिनीवर मुंग्या. वारा लागेल अशी उंच जागा एकच होती, रोझीमायच्या वलांड्या, म्हणजे बांबू उभे करून दोऱ्या बांधलेल्या, ज्यांच्यावर बोंबील जोडी-जोडीने तोंडात तोंड अडकवून वाळत घातलेले असतात. रोझीमायने एका दोरीवरचे बोंबील बाजूला सरकवले. "लटकव हितं. पन माझं बोंबील खाली पाडलं तर बघ."

मग त्या वलांडीवर एक जोडी बोंबील, भाता, दोन जोड्या बोंबील, सुरांची फळी, पुन्हा बोंबील, आणि शेवटी दोऱ्यात ओवलेल्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या, अशी पेटी तीन-चार तास चैत्राच्या उन्हात वाळली. मला तिथे कावळे हाकायला बसवलं होतं. या वेळी मी उठले नाही. भात्याची एक कड सुटली होती, ती आईने आपल्या लुगड्याची चिंधी आणि वाचवलेल्या भाताची खळ लावून चिकटवली. म्हणजे आमचं दुपारचं जेवण पेटीने खाल्लं.

उन्हं कलली तेव्हा बाबाने पेटी जोडली. देवळासमोरच्या मांडवात आमचं नाव पुकारलं गेलं. पेटीला बाहेरून काही दिसत नव्हतं. पण भाता हलवला की दोन गोष्टी होत. एक, डावीकडची एक पट्टी खालीच अडकून बसली होती, त्यामुळे तिचा सूर एकसारखा वाजत राही, थांबवता येत नसे. आणि दुसरी, भाता दर वेळी मांडवावर बोंबलाचा वास सोडी. नुसता वास नव्हे. भाता म्हणजे वारा घालायचंच यंत्र. ज्यांना वास आला नसता त्यांच्यापर्यंतही त्याने तो पोचवला.

बाबा नेहमी वरच्या सुरात गायचा. मानेच्या शिरा फुगायच्या, डोळे बाहेर यायचे आणि लोकांना वाटायचं काय भक्ती आहे. त्या दिवशी अडकलेली पट्टी खालच्या सुरातली होती. तिला सोडून गावं तर दोन आवाज भांडल्यासारखे ऐकू येत. त्याने दोनदा घसा खाकरला आणि खाली उतरून त्या सुरात गायला लागला, बोलतो तसा, हळू. मी आईच्या शेजारी बसले होते. मला पहिल्यांदाच अभंगातले शब्द कळले. एवढ्या वर्षांत बाबा नेमकं काय म्हणत होता, ते त्या दिवशी समजलं. दुसऱ्या अभंगाला एक पांढरं मांजर मांडवात शिरलं, माणसांमधून वाट काढत पेटीजवळ आलं आणि भात्याला नाक लावून बसलं. मग दुसरं आलं. लोक खदखदले. मुलं ओरडायला लागली. पांडूकाका आपल्याच मंडळात मागे टाळ घेऊन बसलेला, त्याने टाळ थांबवून नाकाला उपरणं लावलं. मला वाटलं आता बाबा उठेल. बाबा उठला नाही. मांजरंही उठली नाहीत. हळूहळू लोक हसायचे थांबले, कारण माणूस गात असताना किती वेळ हसणार, आणि मग शेवटपर्यंत सगळे बसले. मानाचा नारळ आम्हाला मिळाला नाही. तो दरवर्षी जिंकणाऱ्या गावालाच मिळाला, आणि ते गातही आमच्यापेक्षा चांगलं.

दुसऱ्या दिवशी परत आलो. कोंबडी देवीला गेली होती. संध्याकाळी ठरल्याप्रमाणे पाटीलकाका, पांडूकाका आणि पेटी उचलायला दोन माणसं आमच्या ओट्यावर आली. बाबा आत भिंतीकडे तोंड करून बसला होता. आईने पेटीवरून लुगड्याचा तुकडा काढला. मी चुलीपाशी उभी होते आणि मला एवढंच दिसत होतं की उद्या दुपारी आत्या घोरायला लागेल आणि तो पाट रिकामा असेल.

पांडूकाका पेटीजवळ वाकला. त्याने झाकण उघडलं. मग तो सरळ उभा राहिला. पुन्हा वाकला, पुन्हा सरळ झाला. रात्रभर गोधड्यांत गुंडाळून ठेवल्यामुळे वास मुरला होता. आम्हाला तो कळतही नव्हता, आमच्या घराचाच वास तो. पण पांडूकाकाच्या घरात बारा वर्षं मासा शिजला नव्हता. आणि पेटीसाठी त्याने जागा केली होती ती देव्हाऱ्याच्या शेजारी.

"हिला धुवा जरा," तो म्हणाला.

"धुतली ना," आई म्हणाली. "तीन हंडे पान्यानं. तुमीच तर बघत होताव."

"पांडू, उचल," पाटीलकाका म्हणाले. "वास काय, जाईल."

"जाईल तर जाऊ दे आधी," पांडूकाका म्हणाला. "माळ हाय गळ्यात. देवाजवल बोंबील नेऊ का? घरची मना उंबऱ्यात घेनार न्हाय." त्याने पेटीच्या लाकडावरून एकदा हात फिरवला. खरं सांगायचं तर मला त्याची तेव्हा थोडी कीव आली, कारण त्याला ती खरंच हवी होती. मग म्हणाला, "वास जाईपरत ऱ्हाऊ दे हितंच. गेला की नेतो."

पाटीलकाकांनी तसा निवाडा दिला. वास असेतोवर पेटी बुवाकडे. बाबाने भिंतीकडचं तोंड फिरवलं. आईने चहाला साखर काढली.

त्यानंतर पांडूकाका दर एकादशीला यायचा. ओट्यावर बसायचा, पाणी प्यायचा, इकडचं तिकडचं बोलायचा आणि उठता उठता आत येऊन पेटी हुंगायचा. ज्येष्ठ गेला, आषाढ सरत आला. एका एकादशीला त्याने दोनदा हुंगलं आणि म्हणाला, "कमी झाला. पुढच्या खेपेला बघू." त्या दुपारी आत्या घोरायला लागल्यावर मी पेटी वाजवली नाही. शिंकाळ्यावरच्या मडक्यातून एक सुका बोंबील काढला आणि पेटीचं मागचं झाकण उचलून भात्याखाली सरकवला. पुढच्या एकादशीला पांडूकाका दारातूनच परत गेला.

गोकुळअष्टमीच्या आदल्या दिवशी बाबाने पेटी साफ करायला काढली. मला ते आठवलंच नाही. मी उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होते. आई भाकऱ्या थापत होती, आत्या तिच्या शेजारी. बाबाने मागचं झाकण काढलं, आत हात घातला आणि त्याचा हात तिथेच थांबला. त्याने बोंबील बाहेर काढला. आईकडे पाहिलं, तिची भाकरी चालू होती. आत्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, आणि मी सूपच तोंडाशी धरलं. बाबाने बोंबील नाकाशी नेला, नीट वास घेतला आणि दाराबाहेर फेकून दिला.

"ह्याच्यात काय ऱ्हायलं न्हाय," तो म्हणाला. "ताजा टाक गो."